लाइनवर माणूस हाय

फट्ट असा आवाज झाला आणि पडदा काळा पडला.

"गेलं का पुन्हा?" आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं.

"गेलं!" मी ओरडले आणि ज्या खुर्चीवर बसले होते तिलाच लाथ घातली. खुर्चीनं बिचारीनं काय घोडं मारलं होतं माझं! पण सकाळपासून तिसऱ्यांदा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि समोर लाथ घालण्याजोगं दुसरं काही नव्हतं.

"मशीनवर राग काढून व्होल्टेज वाढत नाई, पोरी," बाबा म्हणाले. एवढं बोलून त्यांना धाप लागली. मग बराच वेळ त्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

परतवाड्यातला एप्रिल होता. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही असे दिवस. मी पुण्यातली नोकरी सोडून घरी आले होते, कारण बाबांची फुप्फुसं थकली होती आणि आई एकटी कुठे कुठे पुरणार? ती मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जायची. ती गेली की घरात बाबा आणि मी.

घरी बसून पोट भरत नाही हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. नागपूरच्या देवयानी मॅडम आर्किटेक्ट होत्या. बांधायच्या आधीच इमारत कशी दिसेल, तिच्या आतून चालत गेल्यासारखं कसं वाटेल, अशी फिल्म कॉम्प्युटरवर बनवायचं काम मला येत होतं. मॅडमनी एका शाळेच्या इमारतीचं काम देऊन पाहिलं. म्हणाल्या, "कांचन, हे महिनाअखेरपर्यंत देऊन दाखव. दिलंस तर पुढची सगळी कामं तुझी, घरूनच कर. नाहीतर मला इथे रोज ऑफिसात येणारं माणूस बघावं लागेल." म्हणजे गोष्ट सरळ होती. फिल्म झाली तर मी घरी. नाही झाली तर पुन्हा पुण्याची बस, आणि मागे ही दोघं.

बाबांना मी हे सगळं सांगितलं होतं. सांगायला नको होतं असं नंतर पुष्कळदा वाटलं, पण आमच्या घरात लपवाछपवीची पद्धतच नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

माझा कॉम्प्युटर कॉलेजातला. त्याच्यात असली फिल्म करायची म्हणजे बैलगाडीला ट्रकचं इंजिन लावण्यातला प्रकार. मॅडमनी ऑफिसातलं एक दांडगं ग्राफिक्स कार्ड काढून दिलं. विटेएवढं जड, वर तीन पंखे, आणि वीज अशी प्यायचं की विचारू नका. ते बसवायला बाजारातला जाकीर आला. कॉम्प्युटर मुळात त्यानंच जोडून दिलेला, त्यामुळे त्याचा त्याच्यावर जीव.

"ताई, कार्डाले दोन पिना पाहिजेत आणि आपल्या एसएमपीएसले एकच हाय," जाकीर म्हणाला. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा. "पण टेन्शन नका घेऊ. हार्डडिस्कच्या वायरी जोडून दुसरी पिन बनवून देतो."

दिली बनवून. कार्डाचे पंखे गरगर फिरले, फिल्मची पहिली चित्रं भराभर बाहेर पडायला लागली, आणि मी आनंदानं चहा टाकायला उठले. तेवढ्यात आतून बाबा ओरडले, "काय जळून राहिलं थे? बंद कर! आधी बंद कर!"

आम्हाला काही वास आला नव्हता. त्या माणसाच्या नाकात ऑक्सिजनची नळी, दम घ्यायची पंचाईत, पण जळकं इन्सुलेशन त्याला दोन खोल्या ओलांडून समजलं. उघडून पाहिलं तर जाकीरची जोडपिन मऊ पडली होती.

"बारक्या वायरीतून मोठा करंट ओढता काय बे?" बाबा जाकीरला म्हणाले. "बोर्डात असता तर सस्पेंड केला असता तुले."

बाबा वीज बोर्डात लाइनमन होते. वासुदेव भुयार म्हटलं की आसपासच्या खेड्यांत अजूनही चहा मिळतो. आमच्या घराचं वायरिंग त्यांनी स्वतः केलेलं. प्रत्येक खोलीचा वेगळा फ्यूज, पांढऱ्या चिनीमातीचा, ज्याला बोर्डातली माणसं किटकॅट म्हणतात; तो उपसून काढला की त्या खोलीची वीज बंद. आणि या फ्यूजची सगळी पाटी बाबांच्या खाटेच्या उशाशी, भिंतीवर, हात लांबवला की पोचेल अशी. आजारपणात खाट दुसरीकडे हलवू म्हटलं तर ऐकलं नाही. "माह्यं सबस्टेशन हाय थे," म्हणायचे.

त्या किटकॅटवरून मला एक जुनी गोष्ट आठवते. मी शाळेत होते. बाबांचं काम जवळच्या खेड्यात लागलं होतं आणि मी डबा घेऊन गेले होते. बाबांचे जोडीदार महादेवकाका खांबावर चढलेले, बाबा खाली. गावात लग्न होतं, वीज बंद, बँडवाले खोळंबलेले, वऱ्हाडी घामाघूम. नवरीचा मामा तावातावानं आला आणि बाबांची गचांडी धरून म्हणाला, "लाइन चालू कर!" बाबांनी नुसती मूठ पुढे केली. मुठीत त्या लाइनचा काढलेला किटकॅट होता. "लाइनवर माणूस हाय," ते म्हणाले. मामानं त्यांच्या कानाखाली वाजवली. माझ्यादेखत. मी भोकाड पसरलं. बाबा हलले नाहीत, मूठ उघडली नाही. महादेवकाका काम संपवून खाली आले, जमिनीवर दोन्ही पाय टेकवून म्हणाले, "उतरलो." तेव्हा कुठे मूठ उघडली.

घरी येताना मी रडत विचारलं होतं, "द्यायचा होता ना त्याला! मारलं ना त्यानं तुम्हाला!" बाबा म्हणाले होते, "ज्याच्या खिशात किटकॅट, त्याच्या खिशात वरच्याचा जीव. वरचा स्वतः येऊन उतरलो म्हणत नाई, तोवर बापाले बी द्यायचा नाई." बोर्डातल्या माणसांचा हा नियम कुठल्या पुस्तकातला नव्हता. पण त्याच्यावर त्यांची रोजची भाकरी पचायची.

तर, जाकीरनं मग अमरावतीहून नवा मोठा एसएमपीएस आणला. हा कार्डाला पुरून उरणारा. पण तो माझ्या जुन्या कॅबिनेटात मावेना. जाकीरनं घाम पुसला, इकडे तिकडे पाहिलं, आणि आईचा जेवायचा पाट उचलून आणला. कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा काढून टाकला, एसएमपीएस पाटावर ठेवला आणि त्याच्या वायरी आत सोडल्या. आई संध्याकाळी येऊन बघते तर तिच्या पाटावर हे ध्यान विराजमान!

"आता याले वाढू काय?" ती म्हणाली.

हसलो आम्ही. बाबासुद्धा हसले आणि मग कितीतरी वेळ खोकत राहिले.

पण रडगाणं संपलं नाही. वायरी गरम होईनात, जळका वास नाही, तरी दुपार झाली की फट्ट. स्टॅबिलायझर लावला. तो नुसताच टकटक करायचा आणि मान टाकायचा. रात्री काम लावून पाहावं तर अख्ख्या गल्लीचे कूलर चालू. कार्डाची ताकद कमी करून चालवलं, तर काम मुंगीच्या पावलानं. असं करत फिल्म पावसाळ्यात झाली असती.

"एसएमपीएसचा दोष नाई थो," बाबा एकदा म्हणाले. "खांबावरून घरात येणारी तार बारीक हाय. गल्लीचा ट्रान्सफॉर्मर आधीच भरला. त्याच्यावर तुह्यं कार्ड, कूलर, आणि माह्यं हे धूड." त्यांनी ऑक्सिजनच्या मशीनकडे बोट केलं. "सगळे एकदम ओढतात, व्होल्टेज पडते, आन् सगळ्यात नाजूक जो असंन थो मरते."

"मग नवी तार?"

"अर्ज केला. बोर्डातले पोट्टे चांगले हायेत, करतीन. पण उन्हाळा हाय, त्यायच्याकडेबी रांग हाय."

जाकीर तिथेच उभा होता. त्यानं आवाज खाली आणला. "काका, गल्लीच्या मागून दुसरी लाइन जाते. महिनाअखेरपर्यंत एक आकडा टाकून देतो. कोणाले समजत बी नाई."

बाबा खाटेवर उठून बसले. मी त्यांना इतकं लाल झालेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. "आकडा? माह्या घरात? जिंदगीभर लोकायचे आकडे काढले मी! विधवा बायांचे काढले, शिव्या खाल्ल्या! निघ तू इथून. निघ!" पुढचं बोलायला दम उरला नाही. मी पाठ चोळत बसले, जाकीर चपला हातात घेऊनच गेला.

माझी मात्र चिडचिड झाली. खरं सांगते, त्या क्षणी मला बाबांच्या तत्त्वांचा वैताग आला. तत्त्वं जपा, आणि मला बसवा पुण्याच्या बसमध्ये! मी तोंडानं बोलले नाही, पण भांडी आदळली. त्यांना ऐकू गेलंच असणार.

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला.

अहो, खरंच थांबला! सकाळी आई गेली, मी काम लावलं, आणि दुपार उलटली तरी पंखे आपले गरगरताहेत. मला वाटलं, गल्लीत कोणीतरी गावाला गेलं असेल. पुढच्या दिवशीही तेच. मी जाकीरला फोन केला, "तुझ्या एसएमपीएसनं नाव काढलं हो!" तो एवढा खूश झाला की बाबांचं ओरडणंसुद्धा विसरला. देवयानी मॅडमना अर्धी फिल्म पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "फारच सुंदर." मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

ते थकलेले दिसायचे. जेवण कमी झालं होतं. पण एप्रिलात कोणाचं जेवण कमी होत नाही? आई एकदा त्यांची चादर पिळत म्हणाली, "इतका घाम? पंखा बंद करून झोपता काय दुपारी?"

"हवा सोसत नाई," बाबा म्हणाले.

मी दुपारी त्यांच्या खोलीत फार जायची नाही, झोपमोड होईल म्हणून. पुढच्या खोलीत कूलर आणि कार्डाचे पंखे मिळून एवढा गोंगाट करायचे की आतलं काही कानावरच यायचं नाही.

शेवटचा दिवस आला. फिल्मचा थोडासाच भाग राहिला होता: शाळेच्या आवारातलं झाड, त्याच्याखाली पोरं, आणि कॅमेरा हळूहळू वर जातो. संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. काम बिनबोभाट चाललं होतं. माझ्याच्यानं राहवेना. बाबांना सांगावं, झालंच म्हणून, असं वाटलं आणि मी दार हळूच लोटलं.

खोली भट्टीसारखी तापली होती. पंखा बंद. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले, नाकात नळी होती. आधी मला काही कळलंच नाही. मग मशीनला लावलेल्या पाण्याच्या बाटलीवर नजर गेली. ऑक्सिजन चालू असला की त्या बाटलीत सारखे बुडबुडे येतात. महिनोन् महिने ते बुडबुडे बघायची सवय होती मला. पाणी स्थिर होतं. एक बुडबुडा नाही.

"बाबा!"

त्यांनी मान वळवली. ओठ जांभळे झाले होते, नखंही. मी मशीनचं बटण दाबलं. काही नाही. पंख्याचं दाबलं. तेही नाही. पुढच्या खोलीत तर सगळं चालू! मी उशाशी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. या खोलीच्या किटकॅटची जागा रिकामी होती.

"कुठे आहे? बाबा, किटकॅट कुठे आहे?"

त्यांनी उजवी मूठ छातीशी ओढून घेतली.

मी खाटेखालचं छोटं सिलिंडर ओढलं, वीज गेली तर असावं म्हणून ठेवलेलं. काटा शून्यावर. ते कधीचं संपवलं होतं त्यांनी आणि भरून आणा म्हणून कोणाला सांगितलंच नव्हतं. आता मला समजलं माझा कॉम्प्युटर रोज दुपारी का चालत होता. गल्लीतलं कोणी गावाला गेलं नव्हतं. जाकीरचा एसएमपीएस तोच होता, तारही तीच बारीक होती. त्या तारेवरून एक जण उतरला होता, एवढंच.

"द्या तो!" मी त्यांची मूठ धरली. बोटं उघडायला पाहिली. हाडं नुसती, पण आयुष्यभर तारा ओढलेला हात होता तो. उघडेना. मी रडत होते, शिव्याही देत होते बहुतेक. "बाबा, द्या ना! मरायचंय का तुम्हाला? द्या!"

"लाइनवर," ते म्हणाले, आणि श्वास घेतला. पुन्हा घेतला. "लाइनवर माणूस हाय."

"कोण माणूस?"

त्यांनी पुढच्या खोलीकडे पाहिलं. तिकडून पंख्यांचा आवाज येत होता.

मी धावले. ऑक्सिजनच्या मशीनला दुसऱ्या खोलीतून वीज द्यायची तर घरात लांब वायरीचं एक्स्टेन्शन एकच, आणि ते कॉम्प्युटरलाच लागलेलं. पडद्यावर शाळेचं झाड अर्धं उमटलं होतं. मी काही बंद केलं नाही, काही जपून ठेवलं नाही. हाताला लागली ती वायर खेचली. फट्ट झालं. पाटावरचा एसएमपीएस गडगडत जमिनीवर पडला, कार्डाचे पंखे रडवेला आवाज काढत थांबले, आणि घर शांत झालं.

ती वायर ओढत मी आत आले, पण ती दारातच संपली, मशीनपर्यंत पुरेना. बाबा दाराकडेच बघत होते. आवाज थांबल्याचं त्यांना समजलं होतं. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती, मी लहानपणी एखादं गणित चुकवलं की पडायची तशी.

मी खाटेपाशी जमिनीवर बसले. दोन्ही पाय फरशीवर टेकवले.

"उतरली बाबा मी," मी म्हणाले. "लाइनवर कोणी नाई आता. मी उतरली."

ते माझ्याकडे बघत राहिले. खरंच उतरलेय की नुसतीच म्हणतेय, हे तपासत असावेत. मग मूठ सैल झाली. किटकॅट घामानं भिजला होता. मी तो पाटीत बसवला. पंखा फिरला, मशीन घरघरलं, आणि बाटलीत पहिला बुडबुडा आला. मग दुसरा. मग पाणी नेहमीसारखं खळखळायला लागलं.

मी डॉक्टरांना फोन केला. आईला बोलावून घेतलं. डॉक्टर येईपर्यंत बाबांचे ओठ जरा उजळले होते. मी त्यांचा तळवा माझ्या गालाशी धरून बसले होते. त्याच्यावर किटकॅटच्या कडांचे वळ उमटले होते.

मॅडमना मी त्या दिवशी काहीच पाठवलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. रागावल्या नाहीत, पण व्यवहार तो व्यवहार. दसरा झाल्यावर मी पुण्याच्या बसमध्ये बसले. तोवर परतवाड्याला मला थांबवून ठेवणारं कारण उरलं नव्हतं, आणि आई माझ्याबरोबर होती. नवी तार पोळ्याच्या सुमाराला लागली होती. जाडजूड, चांगली.

पण ते पुढचं. त्या दुपारी डॉक्टर जायला निघाले, आई त्यांना सोडायला दारापर्यंत गेली, तेव्हा बाबांनी माझा हात दाबला.

"किती राहिलं होतं तुह्यं?"

"थोडंसंच."

मशीन घरघरत होतं.

"मंग काऊन उतरली?" त्यांनी विचारलं. आणि मी का उतरले, हे त्यांना खरंच कळलेलं नव्हतं.